मोटारगाडीची राखण

(आपल्या मंडळाच्या दिंद्रुड येथे भरलेल्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



आजवरच्या संमेलनांतून या व्यासपीठावर विद्यार्थ्यांचे शिक्षण, लग्नकार्यातील उधळपट्टी, वसतिगृहाचा निधी अशा विषयांवर अधिकारी वक्त्यांनी आपले विचार मांडले आहेत. त्या मानाने मी निवडलेला विषय पुष्कळांस किरकोळ वाटेल. मोटारगाडी चोरीस जाऊ नये म्हणून कोणती साधने घ्यावीत, ती कशी बसवावीत आणि एवढे करूनही गाडी गेलीच तर काय करावे, याविषयी मी आज चार शब्द बोलणार आहे. मी यंत्रशास्त्राचा पदवीधर नव्हे. एका चुकीची किंमत घरात मोजावी लागल्यामुळे मला हा विषय शिकावा लागला, एवढाच माझा अधिकार. ती चूक माझी स्वतःची होती, हेही आरंभीच कबूल करतो.

आमच्या लहानपणी घरात राखण करण्याजोगी वस्तू म्हणजे बैलजोडी. घरातला कर्ता पुरुष गोठ्याच्या तोंडाशी बाज टाकून निजत असे. बैल गेले तर पेरणी गेली आणि पेरणी गेली तर वर्ष गेले, हे सर्वांस ठाऊक होते. आज ज्ञातिबांधवांच्या दारात मोटारी, जीपगाड्या व ट्रॅक्टर उभे आहेत, याचा आपणां सर्वांस आनंद वाटणे स्वाभाविक आहे. परंतु त्यांतील बहुसंख्य वाहने कर्जाऊ आहेत. कित्येकांच्या बाबतीत दारातील गाडीची किंमत घरातील सर्व चीजवस्तूंहून अधिक भरेल. असे असता घराला आपण दोन दोन कुलपे लावतो, आणि गाडीची किल्ली मात्र ओट्यावरच्या खिळ्याला टांगून ठेवतो!

माझ्या पुतण्याची हकीकत आपल्यापैकी अनेकांच्या कानांवर आहे. दिंद्रुडात त्याचे खताबियाण्यांचे लहानसे दुकान आहे. २०२१ सालच्या दसऱ्यास त्याने पाच वर्षांच्या कर्जावर नवी मोटार घेतली. घरात कागदपत्रे वाचण्याचे काम माझ्याकडे असे. विम्याचा कागद मी पाहिला. त्यावर तीन वर्षांची मुदत छापलेली होती. "तीन वर्षे काळजी नाही," असे सांगून मी तो कागद पेटीत ठेवला.

२०२३ सालच्या वैशाखात आमच्याच नात्यातील एका लग्नास आम्ही सहकुटुंब गेलो होतो. पंगती चालू होत्या, पुतण्या वाढपास लागला होता. इतक्यात वरातीच्या वाटेत गाडी आडवी आहे, ती काढा, असा गलका झाला. हातात वरणाची बादली असल्याने त्याने जवळच उभ्या असलेल्या एका मुलास खिशातली किल्ली काढून घेण्यास सांगितले. मुलाने गाडी बाजूस लावली, आणि पुन्हा कोणास हलवावी लागली तर अडचण नको अशा सद्बुद्धीने किल्ली आतच राहू दिली. अक्षता पडून मंडळी परतीस निघाली तेव्हा गाडी जागेवर नव्हती. गाडीत कंपनीनेच बसविलेली चोरीप्रतिबंधक यंत्रणा होती, भोंगाही होता. दोहोंपैकी एकानेही हूं की चूं केले नाही. कारण गाडी तिच्या खऱ्या किल्लीनेच चालू झाली होती.

फिर्याद देऊन आल्यावर पुतण्या मला म्हणाला, "तात्या, विमा तर आहे ना आपला?" मी मोठ्या विश्वासाने पेटी उघडली, कागद काढला आणि चष्मा लावून प्रथमच तो शेवटपर्यंत वाचला. तीन वर्षांची मुदत होती ती त्रयस्थाच्या नुकसानीच्या विम्याची. स्वतःच्या गाडीचे नुकसान व चोरी यांचा विमा एकाच वर्षाचा होता आणि तो संपून सात महिने झाले होते. कर्जाचे हप्ते मात्र साडेतीन वर्षांचे उरले होते. गाडी सापडली नाही. मुलाने मला एका शब्दानेही दोष दिला नाही, आणि तेच मला अधिक जड गेले. आज मी येथे उभा आहे तो याच कारणाने. आपल्यापैकी दुसऱ्या कोणा कुटुंबावर हा प्रसंग येऊ नये, एवढाच माझा हेतू आहे.

आता मूळ विषयाकडे वळतो. न चोरता येणारी गाडी जगात कोणी बनविलेली नाही. चोरीप्रतिबंधक साधनांचे काम इतकेच, की चोराचा वेळ वाढवावा, त्याचा आवाज वाढवावा आणि गाडी गेलीच तर तिची ओळख पुसणे त्यास कठीण करावे. कोणतेही साधन विकत घेताना हे तीन प्रश्न विचारावेत. ज्या साधनाने यांपैकी एकही गोष्ट साधत नाही, ते कितीही चकचकीत असले तरी आपल्या कामाचे नाही.

पूर्वीच्या अँबॅसडर आणि फियाट गाड्यांत किल्लीचे काम म्हणजे दोन तारांची जोडणी करणे एवढेच होते. किल्लीच्या घरामागील तारा ओढून एकमेकींस जोडल्या की गाडी चालू होई. यावर उपाय म्हणून जी युक्ती निघाली तिला इमोबिलायझर म्हणतात. किल्लीच्या प्लास्टिकच्या डोक्यात तांदळाच्या दाण्याएवढी किंवा थोडी मोठी इलेक्ट्रॉनिक चीप बसविलेली असते. तिला स्वतःची बॅटरी लागत नाही. किल्लीच्या छिद्राभोवती तारेचे एक वेटोळे असते. त्यातून मिळणाऱ्या लहरींवर ती चीप जागी होते आणि आपला सांकेतिक क्रमांक गाडीच्या संगणकास कळविते. क्रमांक जुळला तरच संगणक इंधन व ठिणगी यांस परवानगी देतो. म्हणून तारा जोडून चोराने स्टार्टर फिरविला तरी इंजिन धरत नाही. युरोपीय संघात नव्या मोटारींना १९९८ पासून व कॅनडात २००७ पासून ही योजना सक्तीची झाली.

या योजनेचे महत्त्व किती, हे अमेरिकेच्या उदाहरणावरून कळते. तेथे ह्युंदाई व किया या कंपन्यांच्या २०११ ते २०२१ या काळातील कित्येक साध्या गाड्यांत इमोबिलायझर बसविलेला नव्हता. ही उणीव हेरून त्या गाड्या चालू करण्याची रीत पोरांनी चित्रफितींद्वारे एकमेकांस शिकविली आणि २०२१ नंतर त्या गाड्यांच्या चोऱ्यांना ऊत आला. अखेर कंपन्यांना संगणकातील कार्यप्रणाली बदलून द्यावी लागली. त्याखेरीज ग्राहकांना वाटण्यासाठी त्यांनी पोलिसांमार्फत काय दिले असेल? स्टीअरिंगला लावावयाचा लोखंडी दांडा! एवढ्या प्रगत देशातही शेवटी साधे कुलूपच उपयोगी पडले, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

यास्तव माझी पहिली शिफारस त्याच दांड्याची आहे. स्टीअरिंगच्या चाकावर बसणारे हे कुलूप हजार-दोन हजार रुपयांत मिळते, बसविण्यास मेकॅनिक लागत नाही, एकही तार कापावी लागत नाही आणि विशेष म्हणजे ते बाहेरून काचेतून दिसते. चोराचा विचार दाराला हात लावण्यापूर्वीच बदलावयाचा असेल तर दिसणारे कुलूपच हवे. दांडा पोकळ पत्र्याचा नसून भरीव पोलादाचा असावा. किल्ली चपटी नसून खाचांची असावी. आणि तो चाकास असा लावावा की टोक दाराकडे किंवा काचेकडे राहून चाकाचा पुरा फेरा अडेल. गिअरच्या दांड्यास लावावयाचे कुलूपही चांगले असते, मात्र ते जाणत्याकडूनच बसवून घ्यावे.

दुसरी शिफारस, आपल्या गाडीत इमोबिलायझर आहे की नाही हे मालकाच्या पुस्तिकेत पाहून खात्री करून घ्यावी. नसेल तर तो बाहेरून बसविता येतो. जुनी गाडी विकत घेणाऱ्यांनी तर एक काम न चुकता करावे. आधीच्या मालकाजवळ किंवा त्याच्या चालकाजवळ तिसरी किल्ली राहिली असण्याचा संभव असतो. अधिकृत सेवा केंद्रात नेऊन गाडीच्या संगणकात किती किल्ल्यांची नोंद आहे ते पाहावे आणि आपल्या हातात नसलेल्या किल्ल्यांची नोंद पुसून टाकावी. घर विकत घेतल्यावर आपण कुलूप बदलतो, त्यातलाच हा प्रकार.

तिसरे साधन भोंग्याचे. शहरातील दाट वस्तीत त्याचा उपयोग आहे. परंतु गावापासून अर्ध्या कोसावरील शेतवस्तीवर रात्री दोन वाजता भोंगा वाजला तर तो कोण ऐकणार? शिवाय मांजर बोनेटवर चढले तरी वाजणारा भोंगा चार रात्रींत शेजाऱ्यांच्या अंगवळणी पडतो, आणि पाचव्या रात्री खरा चोर आला तरी कोणी कूस बदलत नाही. म्हणून भोंगा बसवावयाचा तर त्याची संवेदनशीलता बेताची ठेवून घ्यावी, आणि चोरास चटकन तोडता येऊ नये अशी त्याची तार आतून न्यावी.

चौथे साधन म्हणजे उपग्रहाच्या साहाय्याने गाडीचा ठावठिकाणा कळविणारे जीपीएस यंत्र. हे चोरी थांबवीत नाही. चोरी झाल्यावर गाडी कोठे आहे ते सांगते. त्यात मोबाईलसारखे सिमकार्ड असते, त्याचा रिचार्ज संपला की यंत्र मुके होते. कितीतरी मंडळी पहिल्या वर्षानंतर रिचार्ज करीतच नाहीत. आतमध्ये स्वतःची लहान बॅटरी असलेले यंत्र घ्यावे, म्हणजे चोराने गाडीची बॅटरी सोडविली तरी ते काही काळ संदेश देत राहील. सराईत टोळ्या लहरी अडविणारे उपकरण बाळगतात, हेही खरे. म्हणून या एकाच साधनावर विसंबू नये. काही यंत्रांत मोबाईलवरून इंजिन बंद करण्याची सोय असते. ती जोडावयाची तर केवळ स्टार्टरच्या वाटेवर जोडावी, म्हणजे उभी गाडी पुन्हा चालू होणार नाही. धावत्या गाडीचे इंधन तोडण्याची जोडणी करून घेऊ नये. भरधाव गाडी रस्त्याच्या मधोमध बंद पडली तर चोराबरोबर निरपराध वाटसरूचाही जीव जाईल.

ज्यांच्या गाड्या किल्ली न फिरविता बटणावर चालू होतात, त्यांच्यासाठी एक इशारा आहे. अशी किल्ली खिशात असली की गाडी जवळीक ओळखून दार उघडते. झ्यूरिकच्या तंत्रसंस्थेतील संशोधकांनी २०११ साली आठ कंपन्यांच्या दहा प्रकारच्या गाड्यांवर प्रयोग करून दाखविले, की एकाने घराच्या दाराशी व दुसऱ्याने गाडीपाशी लहरी पोहोचविणारे यंत्र धरले तर घरातील किल्ली गाडीजवळच आहे असा गाडीचा समज करून देता येतो. उपाय सोपा आहे. रात्री अशी किल्ली उंबऱ्यापासून दूर, झाकण घट्ट बसणाऱ्या धातूच्या डब्यात किंवा त्यासाठीच मिळणाऱ्या पिशवीत ठेवावी. डब्यात ठेवून डबा गाडीपाशी न्यावा. दार उघडले नाही तर डबा कामाचा समजावा.

आता आपल्या मुलखाचा विचार करू. आपले गाव तेलगाव-परळी रस्त्यावर वसलेले आहे. रात्रंदिवस वाहतूक चालू असल्याने चोरलेली गाडी काही मिनिटांत रहदारीत मिसळून जाते. तेव्हा रस्त्याला लागून रात्री गाडी उभी करू नये. जागा असल्यास अंगणात, तोंड भिंतीकडे करून आणि पुढची चाके वळवून ठेवावी. परळी वैजनाथास महाशिवरात्रीला किंवा आठवडी बाजारास जाताना ओळखीच्या दुकानासमोर, दिव्याच्या उजेडात वाहन लावावे.

आपल्यापैकी पुष्कळांकडे मोटार नाही पण मोटारसायकल आहे, आणि ती तर उचलून छोट्या टेम्पोत टाकता येते. तिच्या हँडलचे कुलूप ही केवळ सुरुवात होय. पुढच्या चाकाच्या चकतीला कुलूप लावावे आणि जाड साखळीने चाक व सांगाडा खांबास जखडावा. साखळी जमिनीवर लोळू देऊ नये. जमिनीचा आधार मिळाला की ती घणाने फोडणे सोपे जाते. दिवाळीनंतर ऊसतोडीस जाणारी आपली कुटुंबे कित्येक महिने कोपीवर राहतात. त्यांनी कोपीबाहेरील मोटारसायकली एकमेकींस साखळीने बांधाव्यात. एक उचलणे सोपे असते. चार एकत्र उचलणे कठीण.

ट्रॅक्टरवाल्यांनी विशेष सावध राहावे. एकाच कंपनीच्या अनेक ट्रॅक्टरांना एकच किल्ली चालते, हे कारखान्याच्या वजनकाट्यापाशी रांगेत उभ्या असलेल्या कोणत्याही चालकास ठाऊक आहे. म्हणजे किल्ली खिशात असूनही ट्रॅक्टर सुरक्षित नसतो. त्यावर बॅटरीची तार तोडणारी, काढून नेता येणारी खटक्याची किल्ली बसवून घ्यावी. ती स्वस्त असते आणि बॅटरी उतरण्याचेही थांबते. मात्र बॅटरीच चोरीस जाऊ नये म्हणून तिच्या पेटीस कुलूप हवे.

बसविण्याच्या कामाविषयी दोन शब्द. गाडीची वायरिंग म्हणजे देहातील नाड्या. नवशिक्याने तार सोलून, नुसती पिळून, वर चिकटपट्टी गुंडाळली तर आपल्याकडच्या उन्हाळ्यात ती पट्टी सुटते, तारा एकमेकींस लागतात आणि चोर राहिला बाजूस, गाडीच पेट घेण्याची भीती असते. म्हणून माजलगाव, परळी किंवा बीड गाठावे लागले तरी जाणत्या कारागिराकडेच जावे. प्रत्येक नव्या जोडणीस बॅटरीजवळ वेगळा फ्यूज घालण्यास सांगावे. शक्यतो कंपनीची तार न कापता जोडकप्प्यावरून जोडणारे साहित्य मागावे. तार कापल्यास कंपनीची हमी नाकारली जाऊ शकते, हे आधीच विचारून घ्यावे. यंत्र कोठे बसविले हे फक्त आपणांस व कारागिरास ठाऊक असावे. चारचौघांत ते दाखविण्याचा मोह आवरावा. काम झाल्यावर गाडी दोन दिवस उभी ठेवून बॅटरी उतरत नाही ना, ते पाहावे. आणि पक्की पावती घ्यावी. पुण्याच्या एआरएआय या संस्थेने प्रमाणित केलेले साधन असल्यास विम्याच्या हप्त्यात सवलत मागता येते. पूर्वीच्या दरपत्रकाप्रमाणे ती स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यावर अडीच टक्के, पण जास्तीत जास्त ५०० रुपये इतकीच होती. रक्कम लहान आहे, पण साधनाची नोंद विमापत्रात होते, हा मोठा लाभ.

गाडीची ओळख पक्की करणारी साधने फार स्वस्त आहेत, म्हणूनच कदाचित त्यांकडे दुर्लक्ष होते. १ एप्रिल २०१९ पासून नव्या वाहनांस उच्च सुरक्षा नंबरपाटी सक्तीची झाली आणि महाराष्ट्रात पुढे जुन्या वाहनांसही ती लावण्याचा आदेश निघाला. या पाटीवर अशोकचक्राची चमकती मुद्रा व किरणांनी कोरलेला क्रमांक असतो, आणि ती एकदाच बसणाऱ्या खिळ्यांनी ठोकलेली असते. काढू गेल्यास खिळा तुटतो. दंड टाळण्यासाठी नव्हे, तर आपली पाटी दुसऱ्या गाडीस लागू नये म्हणून ती लावावी. यासोबतच चासी क्रमांक सर्व काचांवर कोरून घ्यावा. चोरास पाटी बदलणे सोपे, पण सहाही काचा बदलणे खर्चाचे होते.

आता विम्याविषयी. माझी चूक येथेच झाली, म्हणून हे सावकाश सांगतो. कायद्याने सक्तीचा आहे तो त्रयस्थाच्या नुकसानीचा विमा. आपल्या गाडीने दुसऱ्याचे नुकसान झाले तर तो उपयोगी पडतो. आपली गाडी चोरीस गेली तर त्यातून एक पैसाही मिळत नाही. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीस हा त्रयस्थ विमा एकदम तीन वर्षांचा व दुचाकीस पाच वर्षांचा घ्यावा लागतो. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा व चोरीचा भाग मात्र बहुधा एकाच वर्षाचा असतो. दोन्ही मुदती एकाच कागदावर छापलेल्या असतात आणि आपली नजर मोठ्या आकड्यावर थांबते. सप्टेंबर २०१९ पासून चोरी व नुकसानीचा विमा स्वतंत्रपणेही घेता येऊ लागला आहे, तेव्हा तो दरवर्षी न चुकता भरावा. आज घरी गेल्यावर आपला कागद काढा आणि 'स्वतःचे नुकसान' या ओळीपुढील तारीख पाहा. या व्याख्यानातील एवढी एकच गोष्ट आपण केली तरी माझे श्रम सार्थकी लागले असे मी मानीन.

गाडी जुनी होत जाते तशी विम्यातील तिची किंमत उतरते. प्रचलित कोष्टकाप्रमाणे एक ते दोन वर्षांच्या गाडीस २० टक्के, दोन ते तीन वर्षांच्या गाडीस ३०, तीन ते चार वर्षांच्या गाडीस ४० आणि चार ते पाच वर्षांच्या गाडीस ५० टक्के घट धरतात. कर्ज असल्यास मिळालेली रक्कम आधी बँकेस जाते. म्हणून हप्ता कमी भरावा लागेल अशा लोभाने गाडीची किंमत कमी लिहवून घेऊ नये.

भगिनींनो, गाडीची दुसरी किल्ली बहुधा आपल्या कपाटात असते. ती जिवापाड जपा. चोरीनंतर विमा कंपनी दोन्ही किल्ल्या मागते, आणि एक कमी असली तर प्रश्नांची सरबत्ती होते. किल्ली गाडीतच राहिल्यास काय होते, याविषयी सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय आहे. अशोक कुमार विरुद्ध न्यू इंडिया अॅश्युरन्स या खटल्यात चालक किल्ली आत ठेवून उतरला असता ट्रक चोरीस गेला होता. २०२३ साली न्यायालयाने मालकाची मागणी पूर्णपणे फेटाळू दिली नाही, परंतु मंजूर केली ती ७५ टक्केच. राहिलेला चौथा हिस्सा ही निष्काळजीपणाची किंमत होय.

दुर्दैवाने वाहन गेलेच, तर तत्काळ ११२ या क्रमांकावर कळवावे आणि पोलीस ठाण्यात फिर्याद नोंदवावी. दिंद्रुडास पोलीस ठाणे आहे, तेव्हा उद्या जाऊ म्हणण्यास सबब नाही. चोरी दुसऱ्या हद्दीत झाली असली तरी १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या नव्या संहितेप्रमाणे कोणत्याही ठाण्यात माहिती देता येते. फास्टॅग लावलेला असल्यास टोलचे संदेश पाहावेत. गाडी कोणत्या दिशेने गेली ते त्यावरून कळू शकते. ते संदेश आधी पोलिसांस दाखवावेत, मगच फास्टॅग बंद करावा. विमा कंपनीस, बँकेस व प्रादेशिक परिवहन कार्यालयास त्याच दिवशी लेखी कळवावे. पंजाबातील गुरशिंदर सिंग यांचा ट्रॅक्टर चोरीस गेला तेव्हा त्यांनी पोलिसांस त्याच दिवशी कळविले होते, विमा कंपनीस मात्र ५२ दिवसांनी. कंपनीने नकार दिला आणि न्याय मिळण्यास सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. फिर्याद वेळेवर असल्याने २०२० साली निकाल त्यांच्या बाजूने लागला. चोरी २०१० सालची होती. दहा वर्षांचा हा फेरा एका अर्जाने टळतो. तपासात गाडी मिळाली नाही तर पोलिसांच्या 'अ' समरीची प्रत मिळवावी लागते. तिच्यावाचून विम्याचे पैसे सहसा सुटत नाहीत.

एक गोष्ट बोलू की नको, असा विचार माझ्या मनात होता. पण बोलणेच बरे. पुतण्याची गाडी गेली त्या संध्याकाळी गावाबाहेर उतरलेल्या पालांतील लोकांकडे आमच्यापैकी काहींनी बोट दाखविले. पुरावा काहीच नव्हता. जन्मावरून माणसास गुन्हेगार ठरविणारा इंग्रजांचा कायदा १९५२ साली रद्द झाला. आपल्या मनातून तो गेलेला नाही, हे मला त्या दिवशी कळले. मीही तेव्हा गप्प बसलो होतो. पोलिसांना त्या लोकांकडे काहीही आढळले नाही. कोणी तरी ओळखीच्या चालीने आमच्याच मांडवात वावरून, आमच्याच किल्लीने गाडी घेऊन गेले, एवढेच काय ते खरे. चोरीचे कारण आमचा गाफीलपणा होता आणि त्याचा ताप मात्र गरिबाच्या पोराबाळांस झाला. ज्या समाजाने स्वतः अपमान सोसले आहेत, त्याने तरी असे करू नये.

आता समारोप करतो. गाडी घरची, माणसे घरची, आणि 'किल्ली दे' म्हणणारा पाहुणा तर त्याहून घरचा. त्यास नाही म्हणावे कसे, ही आपली भीड आहे. भीड हा आपल्या समाजाचा सद्गुणच आहे. त्याचा त्याग करा असे मी म्हणणार नाही. त्यापेक्षा मंडळानेच ती भीड स्वतःवर घ्यावी. त्यासाठी कार्यकारी मंडळापुढे दोन सूचना नम्रपणे ठेवतो.

पहिली, यापुढे मंडळाच्या सामुदायिक विवाहात व सभासदांच्या लग्नकार्यात वाहनांच्या जागेवर दोन स्वयंसेवक नेमावेत. त्यांच्याजवळ क्रमांक घातलेले बिल्ले असावेत. एक बिल्ला किल्लीस बांधावा, दुसरा मालकाच्या हाती द्यावा, आणि बिल्ला दाखविल्याशिवाय प्रत्यक्ष वरपित्यासही किल्ली मिळू नये. खर्च शेदोनशे रुपयांहून अधिक येणार नाही.

दुसरी, वार्षिक संमेलनाच्या दिवशी मंडपात एक टेबल मांडावे आणि सभासदांनी आपापल्या वाहनांचे विम्याचे कागद तेथे आणावेत. दोन शिकलेल्या तरुणांनी प्रत्येक कागद वाचून चोरीच्या विम्याची मुदत केव्हा संपते ते तारखेनिशी लिहून द्यावे. जुनी गाडी घेऊ इच्छिणाऱ्यांसाठी त्याच टेबलावर राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या संकेतस्थळावर त्या गाडीची चोरीची नोंद आहे काय, तेही पाहून द्यावे. म्हणजे दुसऱ्याची चोरलेली गाडी आपल्या माणसाच्या गळ्यात पडणार नाही.

या दुसऱ्या कामास माणूस मिळाला नाही तर मी स्वतः बसेन. माझ्या शेजारी माझा पुतण्याही बसणार आहे. त्याने हे आपण होऊन मला सांगितले. तात्या वाचतील आणि मी शेवटची ओळ तपासीन, असे तो म्हणाला.

 ज्ञातिबांधवांच्या दारातील वाहने त्यांच्याच दारात राहोत आणि त्यांचे कर्ज सुखरूप फिटो, अशी परळीच्या वैजनाथचरणी प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.